‘माझें काम’ आणि मंडळाचा इतिहास

आपल्याकडे थोरांचीं चरित्रें पुष्कळ लिहिलीं जातात आणि वाचलींहि जातात. त्यांत चरित्रनायकाचा जन्म, त्याचें दारिद्र्य, त्याचा विद्याव्यासंग, त्याच्या वाट्यास आलेली उपेक्षा आणि शेवटीं त्याचें यश हें सर्व यथाक्रम येतें. एक गोष्ट मात्र बहुधा येत नाहीं. त्यानें एखादी संस्था चालविली असेल, दहावीस माणसांकडून वर्षानुवर्षें काम करून घेतलें असेल, तर तें त्यानें कसें करून घेतलें, माणसें कशीं निवडलीं, चुकलेल्यास काय म्हटलें, पगार वेळेवर दिला कीं नाहीं, आणि स्वतःचें मत व सहकाऱ्याचें मत यांत विरोध आला तेव्हां कोणाचें मत छापलें गेलें, हें चरित्रकारास क्षुल्लक वाटतें. ‘अलौकिक कर्तृत्व’, ‘अविश्रांत श्रम’ अशा दोनचार शब्दांत तें उरकलें जातें. दुसऱ्या बाजूस, नेतृत्वाची कला शिकविणाऱ्या ग्रंथांची, आणि तेहि बहुतेक भाषांतरित, एक स्वतंत्र फळीच हल्लीं पुस्तकांच्या दुकानांत मांडलेली असते. त्यांत पुढाऱ्यांचे चार किंवा सहा प्रकार पाडलेले असतात व प्रत्येकापुढें त्याचे गुणदोष लिहिलेले असतात. यांपैकीं कांहीं ग्रंथ मीं वाचले आहेत. त्यांतील पुढारी कोणत्या गांवचा, त्याच्यापुढें काम कोणतें, त्या कामाला पैसा कोणाचा, हें कळत नाहीं; आणि तें कळल्यावांचून त्याची रीति बरी कीं वाईट हें ठरवावें तरी कसें?

प्रत्यक्ष तडीस गेलेलें एखादें सामुदायिक काम घ्यावें आणि त्याच्या सूत्रचालकानें स्वतः लिहिलेली हकीकत या दृष्टीनें वाचावी, हा मार्ग मला अधिक सरळ वाटतो. महाराष्ट्रांत असे दोन लेख उपलब्ध आहेत. पहिला म्हणजे श्रीधर व्यंकटेश केतकर यांचें १९२७ सालचें ‘माझें बारा वर्षांचें काम ऊर्फ ज्ञानकोशमंडळाचा इतिहास’ हें पुस्तक. दुसरा म्हणजे महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींतील आदिपर्वाला विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९३३ सालीं जोडलेली इंग्रजी प्रस्तावना. तिला त्यांनीं ‘प्रोलेगॉमेना’ असें ग्रीक नांव दिलें आहे. पहिलें पुस्तक हल्लीं फारसें कोणी उघडीत नाहीं, आणि दुसरी प्रस्तावना पंडितमंडळींच्या बाहेर कोणास ठाऊक नाहीं. दोहोंकडेहि सामुदायिक कामाचे लेख म्हणून कोणी पाहिल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

तुलनेस हे दोन गृहस्थ सोयीचे आहेत. दोघेहि परदेशीं शिकलेले. केतकर अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत, सुखठणकर केंब्रिज येथें गणित आणि पुढें बर्लिन येथें ल्यूडर्स यांच्यापाशीं संस्कृत. वयांत तीनच वर्षांचें अंतर. दोघांचीहि प्रमुख कामें पुण्यांत झालीं, आणि १९२५ नंतरचीं दोनतीन वर्षें तर तीं एकाच वेळीं एकाच शहरांत चाललीं होतीं. दोघांनाहि एकट्यानें न होणारें काम पार पाडावयाचें होतें. इतकें साम्य असून त्यांच्या रीती एकमेकींपासून शक्य तितक्या दूर होत्या.

केतकरांच्या पुस्तकाचें नांवच आधीं नीट वाचलें पाहिजे. ‘माझें बारा वर्षांचें काम’ हा त्याचा पूर्वार्ध, ‘ज्ञानकोशमंडळाचा इतिहास’ हा उत्तरार्ध, आणि दोहोंच्या मध्यें ‘ऊर्फ’. ऊर्फ हा शब्द आपण एकाच माणसाचीं दोन नांवें सांगतांना वापरतों. बाळाजी जनार्दन ऊर्फ नाना फडणीस म्हणजे गृहस्थ एकच. तेव्हां माझें काम तोच मंडळाचा इतिहास आणि मंडळाचा इतिहास तेंच माझें काम, असें केतकर मुखपृष्ठावरच सांगून टाकतात. यांत अहंकार आहे असें कोणी म्हणेल, आणि तें खोटें नाहीं. परंतु यांत एक प्रकारचा प्रामाणिकपणाहि आहे. आपल्या कितीतरी संस्थांच्या अहवालांत ‘मंडळानें ठरविलें’, ‘समितीस असें वाटलें’ अशीं वाक्यें असतात, आणि मंडळ किंवा समिति म्हणजे कोण हें गांवांतल्या पोरासोरांनाहि ठाऊक असतें. केतकरांनीं तो पडदा ठेवला नाहीं.

ज्ञानकोशाची कल्पना घेऊन १९१६च्या सुमारास केतकर नागपुरास उभे राहिले तेव्हां ते बत्तीस वर्षांचे होते. पाठीशीं ना संस्थान, ना विद्यापीठ. त्यांनीं मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली, तिचे भाग विकले आणि आगाऊ वर्गणीदार मिळविले. विद्येचें काम दानावर चालावें हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. राजानें वर्षासन द्यावें आणि शास्त्रीबोवांनीं ग्रंथ लिहावा. केतकरांनीं तें दुकानाच्या पायावर उभें केलें. या एका निर्णयानें त्यांच्या पुढारीपणाचा साचा ठरून गेला असें माझें मत आहे. दान देणारा सहसा तारीख विचारीत नाहीं. तो पुण्य पदरीं पडलें म्हणून स्वस्थ असतो. वर्गणीदार तारीख विचारतो. त्याला खंड हवा असतो, आणि तो आपल्या हयातींत हवा असतो. ज्यानें परक्याचा पैसा आगाऊ घेतला त्याला उत्तम लेखाची वाट पाहत बसण्याचें सुख परवडत नाहीं. १९२०च्या दशकांत ज्ञानकोशाचे तेवीस खंड बाहेर पडले. म्हणजे सरासरीनें वर्षास दोन खंडांहून अधिक. मराठींत अशा ग्रंथाची पूर्वपीठिका नव्हती, परिभाषा नव्हती, संदर्भग्रंथांचीं मोठीं संग्रहालयें हाताशीं नव्हतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या वेगाची किंमत कळते.

इंग्रजीचा आपल्याला अभिमान फार, म्हणून ताडून पाहण्यासाठीं तिकडचें एक उदाहरण देतों. जेम्स मरे यांनीं ऑक्सफर्डच्या शब्दकोशाचें काम दहा वर्षांत आटोपेल अशा करारानें हातीं घेतलें. पांच वर्षांनीं, १८८४ सालीं, पहिला भाग निघाला तेव्हां ते मुंगी या अर्थाच्या ‘अँट’ शब्दापर्यंत आले होते. मरे १९१५ सालीं वारले आणि कोश १९२८ सालीं पुरा झाला. अर्थात् दोन्ही ग्रंथांची जात वेगळी आहे. मरे यांना शब्दाचा प्रत्येक प्रयोग साक्षीपुराव्यानें सिद्ध करावयाचा होता. केतकरांना मराठी घरांत जगाची माहिती पोंचवावयाची होती. पण ऑक्सफर्ड विद्यापीठासारखा धनी पाठीशीं असला म्हणजे मुंगीच्या पावलांनीं चालतां येतें, एवढें या तुलनेंतून निघतें.

केतकरांच्या रीतीचें दुसरें अंग म्हणजे मनुष्यबळ. मोठमोठ्या पंडितांच्या सवडीवर त्यांनीं आपला डोलारा उभा केला नाहीं. तरुण पदवीधर हाताशीं घेतले आणि कामावरच त्यांना तयार केलें. यांत गरजेचा भाग होता, पण केवळ गरजेचा नव्हता. एकाच विषयाचा अधिकारी पंडित हा कोशाच्या कामांत पुष्कळदां अडचणच होतो. त्याला पांच ओळी लिहा म्हटलें तर तो पन्नास पानें देतो, आणि तीं कापलीं तर रुसतो. होतकरू तरुणाला पांच ओळींत लिहावयास शिकवितां येतें. मात्र त्यासाठीं शिकविणाऱ्याजवळ सगळ्या विषयांवर चालणारी बुद्धि आणि दुसऱ्याच्या मजकुरांत हात घालण्याचें धैर्य लागतें. केतकरांजवळ या दोन्ही गोष्टी होत्या. दुसरी कदाचित् गरजेपेक्षां जास्त होती.

तें पहावयाचें तर ज्ञानकोशाचे पहिले पांच खंड पाहावेत. ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’, ‘विज्ञानेतिहास’ अशा पांच खंडांची ही प्रस्तावना आहे, आणि ती संपल्यावर अकारादि वर्णक्रमाला सुरुवात होते. जगांतील कोणत्याहि कोशाला एवढी प्रस्तावना असेल असें वाटत नाहीं. वर्गणीदारानें ‘आंबा’ किंवा ‘इजिप्त’ या शब्दाखालीं काय लिहिलें आहे तें पाहण्याच्या उत्कंठेनें पैसे भरावे, आणि त्याच्या हातीं प्रथम मानवजातीच्या घडामोडीविषयींचें केतकरांचें चिंतन पडावें, हा व्यवहार दुकानदारीच्या तत्त्वांत बसत नाहीं. पुढाऱ्यानें आपला छंद मंडळाच्या खर्चानें पुरविला, असा आक्षेप यावर घेतां येईल. मला तो अर्धाच पटतो. हाताखालीं दहा तरुण दहा निरनिराळ्या विषयांचीं टिपणें करीत बसलेले असतां या सगळ्याचा मेळ कोठें बसतो हें त्यांना कोणी तरी सांगावें लागतें. पहिले पांच खंड म्हणजे केतकरांनीं आपल्या माणसांना दिलेला नकाशा होता. तो वर्गणीदारांच्या पैशानें छापला गेला, ही वेगळी गोष्ट.

या रीतीचे दोष लपण्यासारखे नाहींत. खंड चाळणारास नोंदींतील विषमता पानोपानीं जाणवते. एखादा सामान्य विषय ऐसपैस पसरलेला आणि महत्त्वाचा विषय अंग चोरून बसलेला. वेगानें केलेल्या कामांत हें होणारच. याहून मोठा दोष असा कीं, लोकांच्या मनांतून मंडळ नाहींसें झालें. आपण ‘केतकरांचा ज्ञानकोश’ म्हणतों, केतकरांना ‘ज्ञानकोशकार’ ही एकवचनी पदवी देतों, आणि मुखपृष्ठावरचा तो ‘ऊर्फ’ शब्दशः खरा करून दाखवितों. ज्यांनीं रोज कचेरींत बसून टिपणें काढलीं, मुद्रितें तपासलीं, त्यांचीं नांवें किती सुशिक्षित कुटुंबांत सांगतां येतील? यांत सर्व दोष केतकरांचा नाहीं. एकच पुतळा उभारण्याची आपली हौस तितकीच कारण आहे. परंतु ज्या पुढाऱ्याच्या अंगचें तेज एवढें असतें त्याच्या सावलींत इतरांचे चेहरे दिसेनासे होतात हें खरें.

आतां सुखठणकरांकडे वळूं. त्यांना काम आयतें मिळालें, पण तें बिघडलेल्या स्थितींत मिळालें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ची. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं लाख रुपयांचें आश्वासन दिलें आणि १९१९ सालीं महाभारताच्या संशोधित आवृत्तीचें काम सुरू झालें. १९२३ सालीं नारायण बापूजी उटगीकर यांनीं विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ति काढून ती अभिप्रायासाठीं पंडितांकडे धाडली. दोन वर्षांनीं, १९२५ सालीं, सुखठणकर प्रमुख संपादक झाले. सहा वर्षें चाललेल्या कामाच्या मध्यें बाहेरून येऊन बसणाऱ्या माणसाची स्थिति मोठी नाजुक असते. जुन्या माणसांना वाटतें कीं हा आपलें केलेलें पुसणार. आश्रयदात्यांना वाटतें कीं आतां उद्यां ग्रंथ निघणार. अशा वेळीं नवा पुढारी बहुधा भाषण करतो. सुखठणकरांनीं पोथ्या ताडून पाहण्याचें तंत्र प्रथम सुधारलें.

हें तंत्र इतकें साधें आहे कीं त्यांतलें पुढारीपण चटकन् ध्यानांत येत नाहीं. आडव्या-उभ्या रेषा आंखलेला कागद घ्यावयाचा, वरच्या ओळींत प्रचलित छापील पाठ एकेका अक्षराला एकेक घर देऊन लिहावयाचा, आणि खालीं एकेका पोथीचा जेथें वेगळा पाठ असेल तेथें तेवढींच अक्षरें त्या त्या घराखालीं मांडावयाचीं. शारदा लिपीची पोथी असो, बंगाली असो, ग्रंथ लिपीची असो कीं मल्याळी, सगळ्यांची साक्ष एका कागदावर एकमेकींखालीं येते. हें काम पुण्यांत चाले, शांतिनिकेतनांत चाले आणि तंजावरासहि चाले. काशीचा शास्त्री आणि मुंबई विद्यापीठाचा पदवीधर यांची विद्या भिन्न, अभिमान भिन्न. पण त्या चौकटींत दोघांनाहि अक्षरच लिहावें लागे, मत लिहितां येत नसे. एका आदिपर्वासाठीं सुमारे साठ पोथ्या अशा उतरल्या गेल्या.

याच्या पुढची पायरी निर्णयाची, आणि तेथें प्रमुख संपादकाचा अधिकार येतो. प्रोलेगॉमेना हा त्या अधिकाराचा हिशेब आहे. तिच्या शंभराहून अधिक पृष्ठांत सुखठणकरांची स्वतःची हकीकत जवळजवळ नाहीं. वाक्याचा कर्ता बहुधा एखादी पोथी असते. काश्मिरी पोथ्या काय सांगतात, दाक्षिणात्य पोथ्या कोठें भर घालतात, एकमेकींशीं संबंध नसलेल्या दोन परंपरा एका पाठावर जुळल्या तर त्यावर किती विश्वास ठेवावा, असें तें विवेचन आहे. नियम आधीं सांगितला, मग त्याप्रमाणें पाठ निवडला, आणि जेथें निवड डळमळीत होती तेथें त्या अक्षरांखालीं नागमोडी रेघ छापली. टाकलेले श्लोक फेंकून दिले नाहींत. ते तारकांकित करून तळटीपांत किंवा मोठे असल्यास परिशिष्टांत ठेवले. एखाद्या अधिकारी पुरुषानें ‘येथें माझी खात्री नाहीं’ हें पानोपानीं छापून ठेवल्याचें दुसरें उदाहरण मला आपल्या संस्थांच्या इतिहासांत आढळलेलें नाहीं. मंत्र्यांच्या निवेदनांना अशी नागमोडी रेघ लावण्याची पद्धति असती तर वर्तमानपत्रें वाचण्यास किती सोपीं झालीं असतीं!

या नियमाची कसोटी पहिल्याच पर्वांत लागली. व्यास सांगत आहेत आणि गणपति लिहून घेत आहेत ही कथा कोणत्या मराठी मुलास ठाऊक नाहीं? पोथ्यांच्या साक्षीवरून ती मूळ संहितेंत बसेना, म्हणून तिची रवानगी परिशिष्टांत झाली. द्रौपदीनें स्वयंवरांत कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारल्याचा प्रसंगहि असाच संहितेबाहेर गेला. गणेशोत्सवाच्या पुण्यांत बसून गणपतीला परिशिष्टांत बसविणें ही सामान्य गोष्ट नव्हे. एखाद्या पुढाऱ्यानें हें आपल्या विद्वत्तेच्या जोरावर केलें असतें तर तो हट्टी ठरला असता, आणि लोकांस भिऊन केलें नसतें तर भित्रा ठरला असता. सुखठणकरांना दोन्ही दूषणें लागत नाहींत, कारण ते स्वतःच नियमाचे पहिले ताबेदार होते. हाताखालच्या शास्त्र्यानें आपल्या आवडीचा श्लोक टाकतांना जें दुःख सोसावयाचें तें त्यांनीं स्वतः आधीं सोसलेलें होतें.

टीका आली तेव्हां ते कसे वागले हेंहि पाहण्यासारखें आहे. सिल्व्हँ लेव्ही हे फ्रान्समधील अग्रगण्य संस्कृतज्ञ. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, नवी संहिता सिद्ध करण्याच्या भरीस न पडतां प्रचलित पाठच छापावा आणि त्याखालीं पाठभेद द्यावेत. एवढ्या मोठ्या माणसाचा सल्ला म्हणजे पुष्कळांना आज्ञाच वाटली असती. सुखठणकरांनीं तो मानला नाहीं, आणि कां मानला नाहीं तें प्रोलेगॉमेनांतच सकारण लिहिलें. पुढें नेपाळांत आदिपर्वाची एक फार जुनी पोथी सांपडली. आदिपर्व छापून झालेलें, कीर्ति झालेली. अशा वेळीं नवा साक्षीदार कोणाला हवा असतो? त्यांनीं त्या पोथीवर स्वतंत्र लेख लिहून आपल्या छापील पाठाची तिच्याशीं जाहीर पडताळणी केली. केतकरांच्या इतिहासांत टीकाकार येतात ते बहुधा विरोधक म्हणून येतात आणि त्यांना तिखट उत्तर मिळतें. वाचतांना तें उत्तर अधिक रुचतें, हें कबूल केलें पाहिजे. प्रोलेगॉमेना रुचकर नाहीं.

आणि ती महागहि पडली. १९४३च्या जानेवारींत सुखठणकर अकस्मात् वारले तेव्हां त्यांना प्रमुखपद स्वीकारून सतरा वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि अठरा पर्वांपैकीं आदि, विराट, उद्योग आणि आरण्यक हीं चारच पुरीं छापून निघालीं होतीं. त्यांतलीं दोन त्यांनीं स्वतः संपादिलेलीं. या गतीनें ज्ञानकोश चालविला असता तर कंपनीचें दिवाळें पहिल्या तीन वर्षांतच वाजलें असतें, आणि तें वाजणें योग्यहि झालें असतें. घरांत मुलें मोठीं होत आहेत, त्यांना शिकण्यास मराठींत कांहीं नाहीं, अशा वेळीं नागमोडी रेघ काढीत बसणें हा वर्गणीदाराशीं द्रोह ठरेल. उलट महाभारताची संहिता वर्षास दोन खंड या हिशेबानें उरकली असती तर दुसऱ्या पिढीला सगळें काम मुळापासून पुन्हां करावें लागलें असतें. म्हणजे पुढाऱ्याची रीति त्याच्या स्वभावांतून येते हें जितकें खरें, तितकेंच तो कोणाचा ऋणी आहे यावरहि ती अवलंबून असते. केतकरांचें ऋण जिवंत वाचकाचें होतें; सुखठणकरांचें मेलेल्या लेखकांचें आणि न जन्मलेल्या वाचकांचें.

या दोन रीतींहून निराळी अशी एक तिसरी रीति आहे, आणि आपल्या संस्थांत हल्लीं तीच अधिक आढळते. एका कोशाच्या सल्लागार मंडळावर मीहि कांहीं वर्षें बसलेलों आहें. तेथील प्रमुख अत्यंत सज्जन. कोणाचें मन म्हणून मोडावयाचे नाहींत. प्रत्येक बैठकींत मागच्या बैठकीचा निर्णय पुन्हां चर्चेस येई, प्रत्येकाचें मत टिपून घेतलें जाई, चहा होई आणि पुढची तारीख ठरे. तेथें केतकरांची घाई नव्हती आणि सुखठणकरांचा नियमहि नव्हता. सहा वर्षांनीं हातीं कांहीं खोकीं भरून चिठ्ठ्या आणि इतिवृत्तांचे जाड बाड राहिलें. तेथें लागलेले तीन हुशार तरुण एकेक करून निघून गेले. त्यांना रागें कोणी भरलें नव्हतें, पण शिकविलेंहि कोणी नव्हतें. नेतृत्वावरचे नवे ग्रंथ या रीतीला लोकशाही पद्धति म्हणतात. या तरुणांना तें नांव पटलें असतें असें मला वाटत नाहीं.

पुढाऱ्याच्या मागें काय उरलें, ही कसोटी लावली म्हणजे अपेक्षेप्रमाणें सुखठणकर वरचढ ठरतील असें वाटतें. ते गेल्यावर श्रीपाद कृष्ण बेलवलकर प्रमुख झाले, त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य. निरनिराळ्या पर्वांचे संपादक निरनिराळे. सभापर्व तर अमेरिकेंतील फ्रँकलिन एजर्टन यांनीं संपादिलें आणि मुखपृष्ठावर नांवहि त्यांचेंच आहे. चिन्हें तींच राहिलीं, नियम तेच राहिले, आणि १९६६ सालीं काम पुरें झाल्याचें राष्ट्रपति राधाकृष्णन् यांनीं जाहीर केलें, तेव्हां सुखठणकरांना जाऊन तेवीस वर्षें झालीं होतीं. सर्व मिळून १,२५९ पोथ्या तपासल्या गेल्या. पुढाऱ्यावांचून काम चालावें इतकी त्याची घडी त्यानें स्वतःच बसवून ठेवावी, याहून अधिक यश कोणतें मागावें?

पण केतकरांच्या बाजूचा जमाखर्चहि पाहिला पाहिजे. त्यांनीं मागें नियमांचें पुस्तक ठेवलें नाहीं. गुजराती ज्ञानकोश त्यांनीं आरंभला तो पुरा झाला नाहीं. १९३७ सालीं ते आर्थिक ओढाताणींतच वारले. तथापि त्यांच्या कचेरींत काम करणारे यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघे ज्ञानकोशाचें काम संपतांच स्वस्थ बसले नाहींत. त्यांनीं स्वतंत्र कोशमंडळ काढलें आणि १९३२ ते १९३८ या सहा वर्षांत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग छापून लोकांच्या हातीं दिले. त्यानंतर वाक्संप्रदाय कोश, शास्त्रीय परिभाषा कोश, सुलभ विश्वकोश. आजहि एखाद्या जुन्या मराठी शब्दाशीं अडलेला मनुष्य दाते-कर्व्यांकडे जातो, आणि दोन नांवें जोडूनच घेतो. ज्या मंडळाला केतकरांनीं ‘माझें काम’ म्हटलें, त्याच मंडळांतून ‘आमचें काम’ म्हणणारी ही जोडी बाहेर पडली. अंगावर सोंपविलेलें काम ठरल्या दिवशीं छापखान्यांत गेलेंच पाहिजे, त्यांत पांच चुका राहिल्या तरी चालतील पण अंक अडतां कामा नये, हा धडा कोणत्याहि नियमपुस्तकांतून मिळत नाहीं. तो रागीट धन्याच्या शेजारीं बसूनच मिळतो. भांडारकर मंदिरानें एक ग्रंथ पुरा केला. ज्ञानकोशाच्या कचेरीनें कोश करणारीं माणसें तयार केलीं. कोणतें दान मोठें, हें ठरविण्याचा मोह मीं आवरतों. मात्र केतकरांच्या हाताखालच्या माणसांची बाजू केतकरांच्या पुस्तकांत शोधूं नये. ती दाते-कर्व्यांच्या कोशांत शोधावी.

या दोन्ही कामांना जोडणारा एक धागा सहज हातीं लागला, तो सांगून लेख आटोपतों. महाभारताची संशोधित आवृत्ति निघाली पाहिजे असा आग्रह १८९७ सालीं पॅरिसच्या प्राच्यविद्यापरिषदेंत प्रथम धरणारे पंडित म्हणजे व्हिंटरनित्स. त्यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचें जर्मनमधून इंग्रजींत भाषांतर केलें तें केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई, पूर्वाश्रमीच्या ईडिथ कोहन, यांनीं. घरीं मंडळाची विवंचना आणि पैशाची चणचण असतां त्यांनीं हें काम केलें. पुढें १९६९ सालीं त्यांनीं आपली हकीकत प्रसिद्ध केली, आणि तिला नांव दिलें ‘मीच हें सांगितलें पाहिजे’. व्हिंटरनित्सच्या भाषांतराचा पहिला भाग निघाला तो १९२७ सालीं. केतकरांचें ‘माझें बारा वर्षांचें काम’ त्याच सालचें, आणि सुखठणकरांच्या आदिपर्वाचा पहिला लहानसा भाग बाहेर पडला तोहि १९२७ सालींच. पुण्याच्या एखाद्या जुन्या वाचनालयाच्या कपाटांत हीं तिन्ही पुस्तकें शेजारीं शेजारीं असावींत. ग्रंथपालास विचारून पाहावें. केतकरांचें बहुधा माळ्यावर सांपडेल.